जुनी गाडी का अडते?



अँबेसिडर गाडी तयार होण्याचे २०१४ साली थांबले. मुंबईच्या रस्त्यांवरची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात निवृत्त झाली. पण कारखाना बंद पडला म्हणून गाडी बंद पडत नाही. एखाद्या वाड्याच्या अंगणात अँबेसिडर, एखाद्या मळ्यात पेट्रोलवरची जुनी जीप अजूनही दिसते. मालकाचा जीव तिच्यावर असतो. आणि पावसाळ्याच्या रात्री कुणा आजाऱ्याला तालुक्याच्या दवाखान्यात न्यायचे असले, म्हणजे साऱ्या वस्तीचा जीव तिच्यावर टांगलेला असतो. अशा वेळी ती अडली तर काय करावे, याविषयी आज थोडे बोलायचे आहे.

मी मिस्त्री नव्हे. मी कॉलेजात तर्कशास्त्र शिकवतो. मग या माणसाने गाडीविषयी का बोलावे, असे कुणी विचारील. त्याला उत्तर असे, की गाडीच्या दुरुस्तीत निम्मे काम हाताचे आणि निम्मे डोक्याचे. पाना कसा फिरवावा हे मिस्त्री दाखवील. पण तो कुठे फिरवावा, हे ठरवणे तर्काचे काम आहे. चांगला मिस्त्री पाहा. तो आल्याबरोबर बोनेट उघडत नाही. आधी विचारतो, "काल चालत होती का? एकदम बंद झाली, की आचके देत देत? पेट्रोल कधी भरलंत?" वैद्य जसा नाडी धरण्याआधी "काल काय खाल्लं होतं?" म्हणून विचारतो, तशातलाच हा प्रकार.

आता इंजिनाला काय काय लागते ते पाहू. १८७६ साली निकोलाउस ऑटो या जर्मन गृहस्थाने जे चार टप्प्यांचे इंजिन चालवून दाखवले, तेच तत्त्व या गाड्यांत आहे. हवा आणि पेट्रोल आत ओढणे, ते दाबणे, ठिणगीने पेटवणे आणि धूर बाहेर फेकणे. म्हणजे गरजा तीन: पेट्रोल-हवेचे मिश्रण, दाब आणि वेळेवर पडणारी ठिणगी. यांपैकी दाब एका रात्रीत सहसा जात नाही. काल चाललेली गाडी आज सुरू होत नसेल, तर बहुधा ठिणगी नाही किंवा पेट्रोल नाही. पाहिलेत ना? बोनेट उघडण्याआधीच निम्मा शोध लागला.

पण त्याच्याही आधीचा प्रश्न असा, की सेल्फ मारल्यावर इंजिन फिरते का? नुसते "टक" होऊन थांबत असेल, तर पुढचे दिवे लावा आणि पुन्हा सेल्फ मारा. दिवे एकदम मंदावले, तर बॅटरी उतरली आहे किंवा तिची टोके खराब झाली आहेत. दिवे तसेच लख्ख राहिले, तर सेल्फमधून वीज वाहतच नाही. दोष स्विचमध्ये, तारेत किंवा सेल्फमध्ये असेल. बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी भुकटी जमते. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून ती धुवावी, मात्र ते पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नये. तारा काढताना गाडीच्या सांगाड्याला जोडलेली तार आधी काढायची आणि लावताना ती शेवटी लावायची. म्हणजे पाना चुकून लोखंडाला लागला तरी ठिणगी उडत नाही. बॅटरीतून जळणारा वायू निघतो, तेव्हा तिथे बिडी-काडी अजिबात नको.

समजा, इंजिन फिरते आहे, पण पेटत नाही. पेट्रोलच्या काट्यावर विसंबू नका. जुन्या गाडीचा काटा खोटे बोलतो. टाकीत पेट्रोल आहे अशी खात्री करून मग ठिणगी पाहा. एक प्लग काढून त्याची तार पुन्हा त्याला लावा. प्लगचे लोखंडी अंग इंजिनाच्या उघड्या धातूला टेकवून ठेवा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. निळसर, टणक ठिणगी दिसली तर वीज ठीक. प्लग हातात धरू नका. त्या तारेत हजारो व्होल्ट असतात. जवळपास पेट्रोल सांडलेले नसावे. आणि ही परीक्षा फक्त पॉइंटवाल्या जुन्या गाडीची. इलेक्ट्रॉनिक बनावटीच्या नव्या गाडीवर ती करू नये. किमती भाग जळतील.

ठिणगी नसेल तर डिस्ट्रिब्युटरचे झाकण उघडा. पावसाळ्यात आत ओल धरते. कित्येकदा कोरड्या फडक्याने पुसले की काम होते. झाकणाला किंवा रोटरला बारीक तडा आहे का ते पाहा. मग पॉइंट पाहा. ते काळे पडले असतील, तर बारीक पॉलिशपेपरने हलकेच घासा. ते पूर्ण उघडल्यावर त्यांच्यामध्ये अंतर किती असावे, हे गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. कित्येक जुन्या गाड्यांत ते सुमारे ०.४ मिलिमीटर असते, आणि ते पात्यांच्या गेजने मोजतात.

ठिणगी आहे, तरी गाडी पेटत नाही, तर पेट्रोलकडे वळा. आधी कॉईलची तार काढून ठेवा, म्हणजे कुठे ठिणगी पडणार नाही. मग कार्बोरेटरला येणारी नळी सोडवून तिचे तोंड बाटलीत धरा आणि इंजिन फिरवा. पंप ठीक असेल तर पेट्रोल उसळ्या मारत येते. येत नसेल, तर गाळणी तुंबली, नळी चिरली किंवा पंपातला पडदा फाटला.

इथे आजच्या काळातली एक गोष्ट ध्यानात ठेवावी. २०२५ पासून देशात पंपांवर सर्रास मिळणाऱ्या पेट्रोलात सुमारे २० टक्के इथेनॉल असते. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या आणि पडदे त्याच्यासाठी बनवलेले नाहीत. ते फुगतात, चिरतात. शिवाय इथेनॉल पाणी शोषून घेते, म्हणून महिनोन् महिने उभ्या राहणाऱ्या गाडीच्या टाकीत त्रास होतो. नव्या जातीच्या नळ्या बाजारात मिळतात, त्या घालाव्यात. नळीपाशी पेट्रोलचा वास आला, तर "बघू उद्या" म्हणू नये. त्या उद्याला आग लागते.

आता एक कोडे घेऊ. उन्हाळ्यात गाडी घाटात बंद पडते आणि अर्ध्या तासाने आपोआप सुरू होते. एक म्हणतो, कॉईल तापली. दुसरा म्हणतो, नळीतल्या पेट्रोलची वाफ झाली. दोघांचेही खरे असू शकते. मग निवाडा कसा करावा? थंड झाल्यावर तपासून उपयोग नाही. त्या वेळी तर सगळेच ठीक असते. गाडी बंद पडेल त्याच क्षणी ठिणगी पाहायची. ठिणगी नाही, तर कॉईल किंवा कंडेन्सर. ठिणगी आहे, तर पेट्रोल. पंपावर आणि नळीवर ओले फडके टाका, वाफ निवेल. चोर चोरी करताना धरावा, तो हा असा.

लोक उलटे करतात. कॉईल, कंडेन्सर, पॉइंट, प्लग, सारे एकदम बदलतात. गाडी सुरू होते. पण दोष कशात होता? कुणालाच कळत नाही. पैसे गेले, आणि ज्ञानही मिळाले नाही. म्हणून माझा आग्रह एकच: एका वेळी एकच गोष्ट बदला आणि लगेच तपासून पाहा. फरक पडला नाही, तर जुना भाग परत बसवा आणि पुढे चला. घाईच्या रात्री हीच वाट सर्वांत लवकर पोचवते.

इंजिन तापले तर गाडी बाजूला घेऊन बंद करा आणि थांबा. रेडिएटरचे झाकण गरम असताना उघडू नका. आतले पाणी दाबाखाली असते, म्हणून शंभर अंशांच्या पुढे जाऊनही ते उकळत नाही. झाकण सैल होताच दाब जातो आणि ते वाफ होऊन तोंडावर येते. निवल्यावर पाणी पाहा, मग फॅनबेल्ट. अंगठ्याने दाबल्यावर तो साधारण अर्धा इंच दबावा. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतू नये, धातू तडकतो.

काही कामांना मात्र घरी हात लावू नये. ब्रेक आणि स्टिअरिंग ही जाणत्या मिस्त्रीचीच कामे. इंजिन चुकले तर गाडी थांबते. ब्रेक चुकला तर गाडी थांबत नाही. जॅक गाडी उचलण्यासाठी असतो, तोलून धरण्यासाठी नव्हे. भक्कम लाकडी ठोकळे किंवा लोखंडी घोड्या लावल्यावाचून गाडीखाली शिरू नका. विटा तर मुळीच नकोत. दारे लावलेल्या शेडमध्ये इंजिन चालू ठेवू नका. त्या धुरातला विषारी वायू वासावाचून माणूस मारतो.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती आहे. एखादा निकामी प्लग, जुनी कॉईल, काळे पडलेले पॉइंट वर्गात न्या. १८३१ साली फॅरेडेने जे विद्युत-प्रवर्तन शोधले, तेच या कॉईलमध्ये बारा व्होल्टचे हजारो व्होल्ट करते. पुस्तकातले ते वाक्य मुलाने हातात धरून पाहिले, म्हणजे त्याला पाठ करावे लागत नाही. प्लगचा रंगही बोलतो. तो तपकिरी असेल तर ठीक. कोरडा काळा असेल तर पेट्रोल जास्त किंवा हवा कमी. काळा आणि तेलकट असेल तर इंजिनात तेल चढते आहे.

आणि गाडीवाल्यांनी गाडीत एक साधी वही ठेवावी. तारीख, किलोमीटर, काय बिघडले, काय तपासले, काय बदलले, एवढे पाच शब्द लिहावेत. वर्षभराने ती वही तुमच्या गाडीविषयी कोणत्याही गॅरेजपेक्षा जास्त सांगेल. तुम्ही घरी नसताना मुलाला किंवा शेजाऱ्याला गाडी काढावी लागली, तर तो आधी ती वहीच उघडील.

गाडी अडली म्हणजे चिडू नका. ती काहीतरी सांगत असते. तिला एका वेळी एक प्रश्न विचारा आणि उत्तर येईपर्यंत दुसरा विचारू नका.