दारापाशीच कोंडी



गर्दीने संकेतस्थळ कोसळले, की यंत्रे अपुरी पडली असे म्हणण्याचा प्रघात आहे. सर्व्हर सांभाळणाऱ्या आम्हां मंडळींना तो फारसा पटत नाही. अमेरिकेचे ‘हेल्थकेअर डॉट गव्ह’ १ ऑक्टोबर २०१३ रोजी उघडले. ज्यांना आरोग्यविमा नाही, त्यांनी तेथे येऊन तो घ्यावा, ही योजना. माणसे लाखोंनी आली. पहिल्या दिवशी नावनोंदणी पुरी झाली ती अवघ्या ६ जणांची!

नुसते दर पाहायला आलेल्यालाही तेथे आधी खाते उघडावे लागे. आता, एकदा तयार केलेले पान हजारोंना दाखविणे हे हलके काम आहे. त्यासाठी सर्व्हरही वाढविता येतात. खात्याचे तसे नव्हे. प्रत्येकाची ओळख निराळी पटवायची आणि ती सामायिक नोंदवहीत लिहायची. नाटक कोणते आहे हे वाचायलाही तिकिटाच्या खिडकीशी रांग लावावी, त्यातलाच हा प्रकार! शिवाय कोणता भाग केव्हा मंदावतो, हे एका दृष्टिक्षेपात दाखविणारा फलकही चालकांजवळ नव्हता. आमच्या मते हे अधिक वाईट.

पुढे खात्याविना दर दिसू लागले, देखरेख बसली, थांबण्याची रांग आली. एका वेळी ५०,००० माणसे पेलतील, असे डिसेंबरच्या आरंभी सरकारने सांगितले. मुदतीच्या अखेरच्या दिवशी, ३१ मार्च २०१४ रोजी, पुन्हा लोंढा आला. तेव्हा काही काळ बंद राहिली ती नवे खाते उघडण्याचीच सोय.