तलावातील बिनतारी नौका

बंगळूर शहराला मोठी नदी नाही. या शहराने पाणी पाहिले ते बांध घालून अडविलेल्या तलावांचे. हलसूरचा तलाव जुना. सँकी तलाव 1882 साली कर्नल सँकी यांच्या योजनेने झाला. अशा तलावाच्या काठी उभा राहून, हातभर लांबीची विजेची नौका बिनतारी यंत्राने चालविणारा एखादा छांदिष्ट दिसला, तर येणाऱ्याजाणाऱ्याला तो पोरखेळ वाटतो. परंतु या खेळाचे मूळ थोर आहे. 1898 साली निकोला टेस्ला यांनी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बॅटरीवर चालणारी आणि बिनतारी लहरींचा हुकूम पाळणारी नौका प्रथम लोकांना दाखविली.

नवशिक्या छांदिष्टाची पहिली तक्रार बहुधा एकच असते : मोटर फार तापते. याचे कारण उघड आहे. नौकेत पाणी शिरू नये म्हणून ती वरून बंद केलेली असते, त्यामुळे आत वारा खेळत नाही. शिवाय बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटर उंचीवर आहे. तेथील हवा मुंबईच्या हवेपेक्षा आठ-नऊ टक्क्यांनी विरळ. विरळ हवा उष्णता कमीच वाहून नेते. मोटरमधील नेहमीच्या जातीची निओडिमियम चुंबके 80 अंशांच्या पुढे तापली, की त्यांची शक्ती कायमची उतरू लागते. मग तेवढ्याच कामासाठी मोटर अधिक विद्युत्प्रवाह मागते आणि आणखी तापते.

यावर उपाय म्हणून मोटरभोवती धातूच्या नळीचे वेटोळे घालतात. प्रोपेलरच्या मागे, सुकाणूजवळ नळीचे तोंड असते. पंख्याने मागे लोटलेले पाणी त्या तोंडातून आत शिरते, वेटोळ्यातून फिरते आणि नौकेच्या कुशीतून बारीक धारेने बाहेर पडते. थोडेसे पाणीही किती काम करते, ते हिशेबाने पाहावे. मोटर दर सेकंदाला 40 ज्यूल उष्णता टाकीत असेल आणि मिनिटाला पाव लिटर पाणी वाहत असेल, तर ती सारी उष्णता शोषूनही पाणी दोन-अडीच अंशच तापते.

एवढा स्वस्त उपाय हाती असताना मोटर जळते का? खरा दोष पुष्कळदा पंख्यात असतो. अधिक वेगाच्या हौसेने 40 मिलिमीटर व्यासाचा पंखा काढून त्याच घडणीचा 44 मिलिमीटरचा बसविला, तर व्यास दहाच टक्क्यांनी वाढतो. पण तेवढ्याच फेऱ्यांना लागणारी शक्ती व्यासाच्या पाचव्या घाताने वाढते. म्हणजे ती सुमारे 1.6 पट होते. प्रवाहही जवळजवळ तेवढाच वाढतो आणि तारांच्या गुंडाळीतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढत असल्यामुळे ती अडीच पटींच्या वर जाते. चार मिलिमीटरांच्या हौसेची ही किंमत आहे.

म्हणून जाणता छांदिष्ट लहान पंख्यापासून आरंभ करतो. अर्धा-एक मिनिट नौका पळवून ती काठावर आणतो, मोटर, वेगनियंत्रक आणि बॅटरी यांचे तापमान पाहतो, प्रवाह मोजतो, आणि मगच एक-दोन मिलिमीटर पुढे जातो. पात्यांच्या कडा घासून साफ करतो आणि दोन्ही पात्यांचे वजन सारखे करतो, कारण असमतोल पंख्याने दांडा थरथरतो व धारव्यांत शक्ती वाया जाते.

पंख्याचे दुसरे दुखणे याहून सूक्ष्म आहे. पाते फार वेगाने फिरले, की त्याच्या एका अंगाचा दाब इतका उतरतो की थंड पाण्याचीच वाफ होऊन बुडबुडे उठतात. याला कॅव्हिटेशन म्हणतात. मोटरचा आवाज चढतो, पण नौकेचा वेग वाढत नाही. 1894 साली चार्ल्स पार्सन्स यांच्या टर्बिनिया या जहाजाला याच दुखण्याने अडविले होते. पार्सन्स यांनी पाणी जवळजवळ उकळीपर्यंत तापवून त्यात दोन इंची पंखे फिरविले. वेग फार न वाढविता बुडबुडे दिसावेत, ही त्यातील युक्ती. पुढे त्यांनी एका दांड्याऐवजी तीन दांडे केले आणि त्यांवर मिळून नऊ पंखे बसविले. 1897 साली स्पिटहेडच्या आरमारी संचलनात टर्बिनियाने साऱ्यांना मागे टाकले. खेळातल्या पंख्याएवढ्या पंख्याने जहाजाला वाट दाखविली. बंगळूरच्या उंचीवर हवेचा दाबही समुद्रकाठच्यापेक्षा सुमारे एक-दशांशाने कमी असतो. म्हणून तेथे हे बुडबुडे किंचित आधी उठतात. यावर उपाय अधिक फेऱ्यांचा नाही. रुंद पात्यांचा आणि कमी फेऱ्यांचा आहे.

सर्वांत मोठा धोका मात्र तलावातच असतो. जलपर्णीचा एखादा तंतू पंख्याला गुंडाळला, की पंखा अडतो. अडलेल्या मोटरमधून प्रवाह सर्वांत अधिक वाहतो. आणि पंखाच थांबल्यामुळे नळीत पाणी शिरत नाही. थंडाव्याची गरज सर्वांत अधिक असते, त्याच क्षणी तो नाहीसा होतो. तेव्हा नळीवर विसंबून न राहता वेगाची कळ तात्काळ सोडणे, हाच एक उपाय उरतो.

गाळाने तुंबलेल्या किंवा सांडपाण्याने फेसाळलेल्या पाण्यात ही नळी फार काळ तग धरीत नाही. 2015 च्या सुमारास बंगळूरच्याच बेळ्ळंदूर तलावाचा फेस रस्त्यावर आलेला लोकांनी पाहिला. अशा पाण्यात नौका सोडावी, असे कोणाला वाटणार?

म्हणून तलावाकाठी उभा असलेला अनुभवी छांदिष्ट नौकेच्या वेगाआधी तिच्या कुशीतून पडणारी ती बारीक धार पाहतो. धार अखंड पडत असली, की पाणी स्वच्छ आहे आणि पंखा मोकळा आहे, एवढे त्याला कळते. मोटरवर पडलेला भार मात्र त्या धारेत दिसत नाही. तो त्याने काठावर बसून, मोजून, आधीच ठरविलेला असतो.