पवित्र चित्रापुढे थांबताना

(बोरिवली येथे उपवासकाळातील मेळाव्यात केलेले भाषण)



पाळकसाहेबांनी 'पवित्र कला आणि आपली भक्ती' हा विषय सांगितला, तेव्हा मी जरा बिचकलेच. माझं माहेर नगर जिल्ह्यातलं. आमच्या घरी भिंतीवर एकच वस्तू असायची, वचनांचं कॅलेंडर. कुठे चित्र किंवा मूर्ती दिसली की आजोबा निर्गम २० ची आठवण करून द्यायचे. पुढे मी थिऑलॉजीचा डिप्लोमा केला, तरी या बाबतीत आजोबांचीच नात राहिले.

पण त्याच निर्गमाच्या ३१व्या अध्यायात निवासमंडपाचं सोन्यारुप्याचं आणि कोरीव काम करण्यासाठी देव बसालेलाला आपल्या आत्म्याने भरतो. अरण्यात देवाच्याच आज्ञेने मोशे पितळेचा सर्प उंच करतो आणि त्याच्याकडे पाहणारे वाचतात. पुढे लोक त्याच सर्पापुढे धूप जाळू लागले, तेव्हा हिज्कीया राजाने तो फोडून टाकला. सर्प तोच होता, लोकांचं पाहणं बदललं होतं. म्हणजे चित्र असावं की नसावं, एवढाच प्रश्न नाही. त्याच्याकडे पाहून आपण कुणापर्यंत पोहोचतो, हेही विचारायला हवं.

हे मला वर्गात कळलं नाही, पाड्यावर कळलं.

काही वर्षांपूर्वी आरे वसाहतीतल्या एका वारली पाड्यावर मी जातीच्या दाखल्याचे अर्ज भरून घ्यायला गेले होते. एका घरी लग्न होतं. सारवलेल्या भिंतीवर सवाशिणी तांदळाच्या पिठाने चौक लिहीत होत्या. मधोमध पालघट देवी. हा चौक लिहिल्याशिवाय वारल्यांचं लग्न लागत नाही. मी घाईने फोन काढला आणि म्हणाले, "आजी, किती सुंदर! आमच्या नाताळच्या कार्डासाठी असंच एक काढून द्याल का?"

आजींनी हात थांबवला. म्हणाल्या, "ह्यो कागदाचा नाय, बाई. लग्नाचा हाय. चपला बाहेर काढ नि बस जराशी."

मी बसले. तासभर कुणी घाई केली नाही, कुणी मोठ्याने बोललं नाही. माझ्या मांडीवर अर्जांची फाइल होती. त्यातल्या तीन अर्जांवर मी या आजींचं नाव लिहिलं होतं, आणि त्यांचा चेहरा मात्र मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिला.

त्यांची देवी माझी नाही, आणि तसं भासवणं खोटेपणाचं होईल. पण परतताना एक प्रश्न सुटेना. माझ्या प्रभूपुढे मी इतकी शांत शेवटची कधी बसले? माझी प्रार्थना गोरेगाव ते बोरिवली लोकलमध्ये उभ्या उभ्या उरकली जायची.

त्याच सुमारास एका मैत्रिणीने मला अँजेलो द फोन्सेका यांच्या चित्राची छापील प्रत दिली. फोन्सेका १९०२ साली गोव्यात जन्मले. मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात आणि नंतर शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ टागोर व नंदलाल बोस यांच्याजवळ ते शिकले. त्यांची मरीया साडी नेसलेली आहे, इथल्या मातीतली आहे. ती पाहून गोव्यातले काही ख्रिस्ती लोक रागावले. फोन्सेका पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमात राहून काम करत राहिले. आश्रम अँग्लिकन, चित्रकार कॅथलिक! १९६७ मध्ये ते वारले. त्यांची पुष्कळ चित्रं आज गोव्यात पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्रात जपलेली आहेत.

ते चित्र मी स्वयंपाकघरात लावलं. त्याची पूजा करत नाही. रोज रात्री दहा मिनिटं त्याच्यासमोर बसते आणि लूकचा दुसरा अध्याय वाचते. पहिल्या आठवड्यात काहीच झालं नाही. मग एका रात्री लक्षात आलं, ही बाई तर मी ओळखते. रेशन दुकानाच्या रांगेत बाळ कडेवर घेऊन हीच उभी असते. शब्दाने देह धारण केला, हे मी कितीदा शिकवलं होतं. तो देह आपल्या लोकांसारखा दिसू शकतो, हे चित्राने दाखवलं.

आता एक इशारा. इथून जवळच मंडपेश्वर लेणी आहेत. दीड हजार वर्षांपूर्वीच्या सुमारास कोरलेलं ते शिवाचं स्थान, आत नटराज आहे. १६व्या शतकात पोर्तुगीज काळात तिथे चर्च केलं गेलं. वर त्याचे भग्न अवशेष आहेत आणि लेण्याच्या एका भिंतीत कोरलेला क्रूस आजही दिसतो. त्या क्रुसापुढे उभी राहिले की मान खाली जाते. क्रूस माझ्या प्रभूचा आहे, पण भिंत दुसऱ्याच्या श्रद्धेची होती. मीही नाताळच्या कार्डासाठी चौक मागून, नकळत, तेच करायला निघाले होते.

म्हणून दोन विनंत्या करते. या उपवासकाळात एक चित्र किंवा एक क्रूस निवडा आणि रोज दहा मिनिटं वचन उघडून त्याच्यासमोर बसा. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. आणि वारली चित्रांची कार्डं घ्याल तेव्हा ती कुणी काढली ते विचारा, तिचं नाव छापलंय का ते पाहा, पुरेसे पैसे तिच्या हातात पडतात का याची खात्री करा. जो चौक ती द्यायला तयार नाही, तो मागू नका.

आजी अजून भेटतात. आता मी चपला दाराबाहेर काढते, आधी बसते, आणि फाइल शेवटी उघडते. परवा त्या हसून म्हणाल्या, "बाई, तुला आता घाय नसती."

तेवढी कृपा प्रभू तुम्हा आम्हा सर्वांना देवो. आमेन.