तळाला छिद्र असलेले तांब्याचे भांडे
(काकती येथे महाजन कुटुंबांच्या मेळाव्यात झालेल्या भाषणाचा मजकूर)



घाटावर येऊन स्थायिक झालेल्या गोमंतकीय घराण्यांत वडिलार्जित भांड्यांची वाटणी निघते, तेव्हा हंडे, कळश्या, समया, पराती यांच्याविषयी कोणाला शंका नसते. ज्याला गोव्याकडे भाण म्हणतात त्याला इकडे दुसरे नाव असेल, पण न्हाणीतले पाणी तापवण्याचे भांडे ते, हे सर्वांना ठाऊक असते. अडचण होते ती एखाद्याच वस्तूची. तांब्याची अर्धगोल वाटी, वीतभर किंवा त्याहून लहान. कान नाहीत, कड्या नाहीत, बूड टेकवायला बैठक नाही, नक्षी तर नाहीच. आणि तळाच्या बरोबर मध्यावर एक बारीक छिद्र. तिला कोणी मागत नाही. फुटके भांडे म्हणून ती मोडीत जाते. त्याहून वाईट म्हणजे एखादा काटकसरी गृहस्थ ती कासाराकडे नेतो आणि छिद्राला डाख लावून आणतो. मग वाटी पाणी धरू लागते, आणि ज्या कामासाठी ती घडवली होती ते काम तिला पुन्हा कधीही करता येत नाही.

कारण पुष्कळ वेळा ही वाटी म्हणजे घटिकापात्र असते. घरातले घड्याळच ते.

त्याची रीत अगदी साधी. मोठ्या घंगाळात गाळलेले स्वच्छ पाणी भरायचे आणि ही रिकामी वाटी त्यावर अलगद सोडायची. छिद्रातून पाणी वर चढू लागते, वाटी हळूहळू जड होते आणि भरताच बुडते. एवढा काळ म्हणजे एक घटका, आजच्या हिशेबाने २४ मिनिटे. वाटी काढायची, रिकामी करायची, पुन्हा सोडायची. एका सूर्योदयापासून दुसऱ्या सूर्योदयापर्यंत अशा ६० घटका. एका घटकेची ६० पळे. म्हणजे एक पळ २४ सेकंदांचे. अडीच घटकांचा एक तास होतो. पात्र घरातून गेले तरी भाषेतून गेलेले नाही. ‘घटकाभर बसा’ असे पाहुण्याला आजही म्हटले जाते, पापी माणसाची घटका भरते, आणि आजारी माणूस शेवटच्या घटका मोजतो. भरणे आणि मोजणे ही दोन्ही क्रियापदे थेट या वाटीवरून आलेली आहेत.

ज्योतिषग्रंथांत या पात्राचे माप दिलेले आढळते. दहा पळे वजनाचे तांबे, बारा अंगुळे रुंदी, सहा अंगुळे उंची, आणि आत साठ पळे पाणी मावावे. (येथे पळ हे वजन होय, काळाच्या मापालाही तेच नाव आहे, आणि साठ पळे पाणी आत यायला साठ पळे वेळ लागतो, हे लक्षात घेण्याजोगे आहे.) छिद्र पाडायचे ते सोन्याच्या चार अंगुळे लांब सुईच्या जाडीचे, त्या सुईचे वजनही दिलेले आहे. बारा अंगुळे म्हणजे एक वीत. पळाचे ४ तोळे धरले तर वाटीचे वजन ४० तोळे, म्हणजे सुमारे ४६५ ग्रॅम होते आणि पाणी सुमारे २.८ लिटर. बावीस सेंटीमीटर रुंदीच्या अर्धगोलात जवळजवळ तेवढेच पाणी मावते. ज्याने हे आकडे प्रथम लिहिले त्याने पात्र डोळ्यांसमोर ठेवून लिहिले असले पाहिजेत.

तथापि भास्कराचार्यांना हे माप मान्य नव्हते. शके १०७२, म्हणजे इ. स. ११५० मधील ‘सिद्धान्तशिरोमणी’च्या यंत्राध्यायात त्यांनी वजन, उंची, सुई ही सारी सोडून दिली. घटाच्या अर्ध्या भागासारखे तांब्याचे पात्र करावे, तळाला छिद्र ठेवावे, ते अहोरात्रात किती वेळा बुडते हे मोजावे आणि त्या संख्येने अहोरात्रास भागावे. जे येईल ते त्या पात्राचे माप, असे त्यांचे म्हणणे आहे. हा विचार पूर्णपणे व्यवहारी आहे. जुन्या वाट्या ओळखतानाही त्याचाच आधार घ्यावा लागतो, कारण सर्व तांबटांनी ग्रंथ वाचून वाट्या घडवल्या असे नाही. कोठे लहान, कोठे जाड पत्र्याच्या, अशा त्या असतात. वाटी जड असली तर लवकर बुडते, छिद्र बारीक असले तर उशिरा. कारागीर या दोहोंचा मेळ घालून चोवीस मिनिटे साधत असे.

याहून जुनी रीत वेगळी होती. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कुंभातून बाहेर गळणाऱ्या पाण्यावर नालिका मोजलेली आहे. त्यात एक अडचण असते: कुंभ रिता होत जातो तसा पाण्याचा दाब उतरतो आणि धार मंदावते. तरंगत्या वाटीत हा दोष बराच कमी असतो, आणि वाटी बुडाली हे लांबूनही कळते. म्हणून पुढे हीच टिकली.

महाजन घराण्यांशी या पात्राचा संबंध लग्नाच्या मांडवात येतो. जुन्या लग्नपत्रिकांत आणि जन्मपत्रिकांत ‘सूर्योदयात् गत घटी’ असे शब्द असत. गत घटी १० पळे १५ असा मुहूर्त असेल, तर तो सूर्योदयानंतर ४ तास ६ मिनिटांनी येतो. त्या दिवशी सूर्योदयाला जोशीबुवा घटिकेची स्थापना करीत, पूजा करीत आणि वाटी पाण्यावर सोडीत. अंतरपाट कधी दूर करायचा हे ती वाटी सांगत असे. आज भिंतीवरचे घड्याळ भारतीय प्रमाणवेळ दाखवते. ती १ जानेवारी १९०६ पासून लागू झाली आणि ती साडेब्याऐंशी रेखांशाची आहे. बेळगाव, काकती हा मुलूख साडेचौऱ्याहत्तर रेखांशाच्या आसपास, म्हणून येथील स्थानिक वेळ सुमारे ३२ मिनिटे मागे. घटिकापात्राला ही वजाबाकी कधी करावी लागली नाही. त्याचा हिशेब गावच्या सूर्यापासून सुरू होई. १७७८ मध्ये याच काकतीत राणी चन्नम्मा जन्मली, त्या काळच्या जन्मवेळाही घटी-पळांतच मांडल्या जात.

लीलावतीची कथा सर्वांनी ऐकलेली आहे. भास्कराचार्यांच्या कन्येच्या लग्नाची घटिका मांडलेली, तिने कौतुकाने वाकून पाहिले, अंगावरचे मोती निसटून वाटीत पडले, छिद्र बुजले आणि मुहूर्त टळला. ही कथा भास्कराचार्यांच्या ग्रंथात नाही. अकबराच्या दरबारातील फैजीने १५८७ मध्ये ‘लीलावती’चे फारसी भाषांतर केले, त्यात ती येते. चरित्र म्हणून तिच्यावर भिस्त ठेवणे कठीणच. परंतु ज्याने ती रचली त्याला हे यंत्र कशाने बिघडते ते नेमके ठाऊक होते. मोतीच कशाला, कळंकाचा एक कण पुरतो.

आता ओळख कशी पटवायची? अशा भांड्यांत सर्वांत जास्त गोंधळ गळतीशी होतो. शिवलिंगावर संततधार धरण्याचे अभिषेकपात्र, तेही तांब्याचे, त्यालाही तळाला छिद्र. पण गळती टांगायची असते, म्हणून काठाला साखळीच्या कड्या किंवा त्यांची भोके असतात, नाहीतर ती तिवईवर बसेल असा तिचा घाट असतो. छिद्रही थेंब सुटण्याजोगे मोठे, कधी खाली लहान नळी. घटिकापात्राला पाणी आत घ्यायचे असते, गळतीला बाहेर सोडायचे. काठावर समान अंतराने तीन भोके असून तळ अखंड असेल तर ते तराजूचे पारडे होय. आणि झिजून पडलेले भोक मध्यावर क्वचितच येते. त्याच्या कडा दातेरी असतात, भोवतालचा पत्रा कागदासारखा पातळ झालेला असतो. आतून कल्हई असेल तर ते स्वयंपाकाचे भांडे समजावे.

एवढ्यानेही निकाल लागला नाही तर वाटी पाण्यावर सोडून पाहावी. मात्र त्यापूर्वी ती चिंच, लिंबू किंवा बाजारातील पावडरीने घासू नये, आणि छिद्रात सुई तर मुळीच घालू नये. आम्लाने छिद्राची कड खाल्ली जाते, सुईने ते रुंदावते. केसभर फरकाने मिनिटांचा फरक पडतो आणि मूळ माप पुन्हा सापडत नाही. मऊ कुंचल्याने धूळ काढावी, कोमट पाण्याने धुवावे, आणि तीन-चार वेळा मनगटी घड्याळावर वेळ घ्यावी. प्रत्येक वेळी चोवीस मिनिटांच्या जवळपास येत असेल तर फारशी शंका उरत नाही. थोडा फरक पडणारच, कारण गार पाणी बारीक छिद्रातून सावकाश चढते. पौष आणि वैशाख यांत वाटी सारखी वागत नाही.

वाटीचे वय सांगणे मात्र वेगळे आणि अवघड. श्रीमंगेश १५६० मध्ये कुशस्थळीहून प्रियोळास नेण्यात आला. त्याच वेळी हे भांडेही आमच्या मूळ पुरुषाने आणले, अशी कथा बऱ्याच घरांतून सांगितली जाते. घराण्याचा अभिमान भांड्याचे वय शे-दोनशे वर्षांनी सहज वाढवतो. ठोक्यांच्या खुणांवरूनही वय ठरत नाही; तांबट आजही मठार करतात. पत्र्याची जाडी सर्वत्र एकसारखी असेल तर एकोणिसाव्या शतकात आलेल्या विलायती पत्र्याचा संशय घ्यावा, एवढे म्हणता येते. कोल्हापुरास पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरीच्या टेकाडात सागरदेव पोसायडनची ब्राँझची मूर्ती आणि कितीतरी धातूच्या वस्तू निघाल्या. १९४५-४६ मध्ये सांकळिया आणि दीक्षित यांनी तेथे उत्खनन केले. तेथे मातीचे थर साक्षीला होते, म्हणून सातवाहनांच्या काळाशी आणि रोमच्या व्यापाराशी त्या वस्तूंचा संबंध लावता आला. घरातल्या भांड्याला थर नसतो. त्याचा थर म्हणजे सोबतचे कागद: वाटणीपत्र, मोडीतील याद्या, पत्रिका. ज्या पेटीत वाटी सापडली त्या पेटीतले कागद आधी रद्दीत घातले आणि मग वाटीचा इतिहास शोधत बसले, असे होता कामा नये.

भांड्यावर अक्षरे असतील तर ती सर्वांत मोलाची. टिंबांनी कोरलेल्या नावापुढे शक असेल तर त्यात ७८ मिळवावे. बेळगाव ते निपाणी या पट्ट्यात कानडी अक्षरांतले नाव दिसले म्हणून भांडे परक्याचे, असे समजण्याचे कारण नाही. नाव घालणाऱ्याला जी अक्षरे येत ती तो कोरी. कागद ओला करून दाबून किंवा वर पेन्सिल फिरवून ठसा घ्यावा. खडू भरू नये.

शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याच्या कक्षेत येऊ शकते. तशी ती ठरल्यास परदेशी असलेल्या मुलांकडे आठवण म्हणून पाठवता येत नाही, हेही अनेकांना माहीत नसते.

आणि अक्षरांत ‘श्री’सह देवाचे नाव असेल, किंवा अमुक यांजकडून श्रीचरणी अर्पण असा मजकूर असेल, तर वाटणीचा प्रश्नच उरत नाही. ते भांडे घरात कितीही पिढ्या राहिलेले असो, ते देवस्थानचे. कोणी पूर्वज खजिनदार असताना किल्ल्यांबरोबर ते घरी आले असेल, किंवा उत्सवाच्या गडबडीत राहून गेले असेल. त्यात लाज वाटण्याजोगे काही नाही. त्याचे वजन, रुंदी, बुडण्यास लागणारी मिनिटे आणि अक्षरांचा ठसा एका कागदावर लिहून तो कागद भांड्यासह समितीच्या खजिनदारांच्या स्वाधीन करावा आणि जंगम मालमत्तेच्या वहीत नोंद झाल्याची पोच घ्यावी. वहीत ‘तांब्याची वाटी, फुटकी’ असे न लिहिता ‘घटिकापात्र’ असे लिहून घ्यावे.