ब्रेक हार्ड झाला तर...

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनातील भाषणाचा मजकूर)



पंचवीस वर्षांपूर्वी आपल्या पार्किंगमध्ये सायकली आणि स्कूटर उभ्या असायच्या. आज संध्याकाळी उशीर झाला की चारचाकी लावायला जागा मिळत नाही. गाडी कुठे उभी करायची यावर दर वार्षिक सभेत आपण तासभर बोलतो. ती चालताना थांबते कशी, यावर मात्र कधी बोललो नाही. माझा जन्म गॅरेजमध्ये गेला, म्हणून मिळालेली दहा मिनिटं त्यावरच घेतो.

घरी गेल्यावर बोनेट उघडा. ब्रेकच्या पेडलच्या सरळ रेषेत, इंजिन आणि केबिन यांच्या मधल्या पत्र्याला एक काळा गोल डबा बसवलेला दिसेल. साधारण पोळ्यांच्या डब्याएवढा. हा ब्रेक बूस्टर. त्याच्या पुढे मास्टर सिलिंडर आणि वर ब्रेक ऑइलची बाटली असते.

डब्याच्या आत रबरी पडदा आहे. त्यामुळे दोन खोल्या होतात. इंजिन चालू असताना दोन्ही खोल्यांतली बरीचशी हवा ओढून घेतलेली असते. साध्या पेट्रोल गाडीत हे काम इंजिनच्या ओढीवर होतं, डिझेल गाडीत त्यासाठी वेगळा व्हॅक्यूम पंप असतो. तुम्ही पेडल दाबलं की खोल्यांमधली वाट बंद होते आणि तुमच्या बाजूच्या खोलीत बाहेरची हवा शिरते. ती पडद्याला पुढे ढकलते, पडदा मास्टर सिलिंडरचा दांडा ढकलतो. नळीने नारळपाणी पितो ना, तसंच. आपण फक्त नळीतली हवा ओढतो, पाणी वर ढकलते ती बाहेरची हवा.

या हवेचा जोर किती? दर चौरस सेंटिमीटरला साधारण 1 किलो. बूस्टर 9 इंची असेल तर पडद्याचं क्षेत्रफळ 400 चौरस सेंटिमीटरच्या आसपास. पूर्ण पोकळी काही होत नाही, तरी अडीचशे किलोच्या जवळपास मदत मिळते. म्हणून आपल्या वहिनींचा पाय हलकेच टेकला तरी टनभर वजनाची गाडी थांबते.

आता मुद्द्याचं. चालत्या गाडीचं इंजिन बंद पडलं की ही मदत हळूहळू संपते. चेक वॉल्व्हमुळे डब्यात थोडी पोकळी शिल्लक राहते, ती दोन-तीन वेळा ब्रेक दाबेपर्यंत पुरते. पुढे पेडल दगडासारखं हार्ड होतं. माणूस घाबरतो, “ब्रेक फेल!” म्हणतो आणि पेडल पंप करत सुटतो. इथेच घात होतो. प्रत्येक पंपाला उरलेली मदत संपते. बंधूंनो, ब्रेक गेलेला नसतो, फक्त मदतनीस गेलेला असतो. पेडल सोडू नका. लागलं तर दोन्ही पायांनी, सगळा भार देऊन दाबून धरा. गिअर उतरवा आणि हँडब्रेक हळूहळू ओढा. पंप करायचं ते पेडल मऊ होऊन खाली जात असेल तेव्हा, कारण तो दोष ब्रेक ऑइलचा किंवा मास्टर सिलिंडरचा असतो. हार्ड आणि मऊ, हा फरक पोरांना नक्की शिकवा.

आणि चिखलदऱ्याच्या किंवा पचमढीच्या घाटात पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करून गाडी सोडू नका. ब्रेकची मदत जाते, पॉवर स्टिअरिंग जड होतं, आणि चावी काढली तर स्टिअरिंग लॉकही होऊ शकतं. आपल्या वरठीतून सनफ्लॅगचं लोखंड नेणाऱ्या मोठ्या ट्रकांची गोष्ट वेगळी. तिथे दाबलेल्या हवेचे ब्रेक असतात. हवा फार उतरली की स्प्रिंगच्या जोरावर ब्रेक आपोआप लागतो. आपल्या कारच्या बूस्टरमध्ये अशी सोय नाही.

बूस्टर तपासायला पैसे लागत नाहीत. गाडी सपाटीवर, हँडब्रेक ओढून, गिअर न्यूट्रलला. इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाबा, ते हार्ड होईल. तसंच दाबून धरा आणि इंजिन सुरू करा. पेडल थोडं खाली गेलं तर बूस्टर काम करतोय. मग इंजिन चालू असताना पेडल दाबून धरा, इंजिन बंद करा आणि अर्धा मिनिट थांबा. पेडल पायाला वर ढकलू लागलं तर कुठेतरी हवा शिरते आहे.

पेडल दाबल्यावर सतत फुस्स आवाज येणं, ब्रेकवर पाय ठेवताच इंजिन अडखळणं, ही लक्षणं गॅरेजची वाट दाखवतात. ब्रेक ऑइल कमी होतंय पण गळती दिसत नाही, तर ते मास्टर सिलिंडरमधून बूस्टरमध्ये उतरत असू शकतं. बूस्टरला जाणारा जाड रबरी पाइप दर सर्व्हिसिंगला बघायला सांगा. धानाची कापणी झाली की उंदीर आपल्या पार्किंगमध्ये येतात आणि त्यांना रबर फार आवडतं! ब्रेक ऑइल साधारण दोन वर्षांनी बदला, कारण ते हवेतला ओलावा शोषतं. बाटलीच्या झाकणावर लिहिलेलंच ऑइल घाला, इंजिन ऑइलचा थेंबही नको. बूस्टर बिघडला तर रस्त्यावर खोलून जोडू नका, नवा बसवा.

येत्या रविवारी सकाळी आठ वाजता मी पार्किंगमध्ये उभा असेन. गाडी घेऊन या, पाच मिनिटांत तपासून देतो. चहाचा खर्च समितीने मंजूर केला आहे, असं मी गृहीत धरतो.