कोळशाच्या वखारीतला बाजार

लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनातून बाहेर पडून उत्तरेकडे चालू लागलं, की थोड्याच वेळात रीजंट्स कालवा लागतो. पूल ओलांडला की मोठा चौक, ग्रॅनरी स्क्वेअर. इथे जमिनीतून 1,080 कारंजी उडतात आणि उन्हाळ्यात पोरं त्यांत मनसोक्त भिजतात. मागची विटांची भक्कम इमारत धान्याचं कोठार होती. लंडनच्या पावभट्ट्यांना लागणारा गहू इथे साठत असे. 2011 पासून तिथे सेंट्रल सेंट मार्टिन्स हे कलामहाविद्यालय आहे.

खरी गंमत आहे शेजारच्या कोल ड्रॉप्स यार्डात. एकोणिसाव्या शतकात उत्तरेकडच्या खाणींतला कोळसा वॅगनांतून येई. वॅगनी उंचावरच्या रुळांवर उभ्या करत. तळाची झडप उघडली, की कोळसा धडाधड खालच्या खणात कोसळे. खाली माणसं तो पोत्यांत भरत आणि घोडागाड्यांवर लादत. आज त्याच कमानींखाली कपड्यांची आणि घरसामानाची दुकानं, उपाहारगृहं आहेत.

मधल्या काळात ही जागा ओस पडली होती. 1990 च्या दशकात इथे रात्रभर नाचगाण्याचे क्लब चालत. पुढे डिझायनर टॉमस हेदरविक यांच्या स्टुडिओने इथल्या दोन लांबलचक इमारतींची छपरं एकमेकांकडे वळवून मधोमध टेकवली आणि 2018 मध्ये हा बाजार खुला झाला. नव्या छपरासाठी लागणारा पाटीचा दगड वेल्समधल्या मूळच्याच खाणीतून आणला.

जवळच, मालाच्या जुन्या शेडमध्ये, ‘दिशूम’ आहे. मुंबईच्या इराणी हॉटेलांच्या धर्तीवरचं उपाहारगृह. बन-मस्का, खिमा-पाव आणि कडक चहासाठी इथे रांगा लागतात.

ही सगळी जागा खासगी मालकीची आहे. तरीही काही विकत न घेता कालव्याच्या पायऱ्यांवर तासभर बसता येतं. जुनं पाडून चकचकीत काचेचा मॉल उभारणं सोपं होतं. इथे कष्टाच्या खुणा राखूनही धंदा जोरात चालतो.

मुंबईत गिरण्यांच्या जागी मॉल आणि टॉवर आले, चिमण्या मोजक्याच उरल्या. कॉटन ग्रीन स्टेशनाजवळ मात्र कापसाची जुनी गोदामं अजून आहेत. त्यांचं पुढे काय करायचं हे ठरवताना पहिला घाव घालण्याआधी किंग्ज क्रॉसचा आराखडा जरूर पाहावा.