वर्गात देशाच्या वतीने कोण बोलतं?

(चंडीगडमध्ये शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात केलेलं भाषण)



आपल्या सेक्टर ३४ मध्ये आयईएलटीएसच्या क्लासेसच्या पाट्याच पाट्या दिसतात. तुमच्यातले काही जण लवकरच परदेशी जातील. तिकडे अनेक वर्गांत चर्चेतल्या सहभागाला गुण असतात. आशियातला विद्यार्थी गप्प बसला की म्हणतात, त्यांच्या संस्कृतीत प्रश्न विचारत नाहीत.

मला हे पटत नाही. आपण बहुतेक जण घरातले पहिले पदवीधर. बोललं की भाषेला हसतात, पाठोपाठ आडनाव विचारतात, हे आपण शाळेतच शिकलो. त्या गप्प राहण्याला संस्कृती म्हणू नका. ती जात आहे.

ही जात विमानतळावर मागे राहत नाही. तिकडच्या शिक्षकाला समोर पाच 'भारतीय' दिसतात. त्या पाचांत आडनावाची चौकशी सुरूच असते. भारताविषयी प्रश्न आला की ज्याच्या घरात तीन पिढ्या इंग्रजी आहे, तो देशाच्या वतीने उत्तर देतो. वर्ग वैविध्यपूर्ण दिसतो, पण भारताचा आवाज एकाच थरातला असतो. म्हणूनच ब्रँडाइस विद्यापीठाने २०१९ मध्ये आणि कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीने २०२२ मध्ये भेदभावविरोधी धोरणात जातीचा समावेश केला, याला महत्त्व आहे. संरक्षण असेल तर माणूस तोंड उघडतो.

बाबासाहेब १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले, तेव्हा तेही परदेशी विद्यार्थीच होते. ९ मे १९१६ रोजी, वयाच्या पंचविशीत, त्यांनी गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या सेमिनारमध्ये 'कास्ट्स इन इंडिया' हा निबंध वाचला. सेनार, नेसफिल्ड, रिझ्ले, केतकर यांच्या व्याख्या एकेक करून तपासल्या आणि जातीअंतर्गत विवाह हेच जातीचं मूळ लक्षण, असं मांडलं. तिथे त्यांनी आपली कहाणी सांगितली नाही, सिद्धांत मांडला. आपल्याला मात्र वर्गात दुःख सांगायलाच बोलावलं जातं. अनुभवातून प्रश्न घ्या, पण उत्तर वाचून, लिहून, तयारीने मांडा.

त्या सेमिनारची रीतही पाहा. आधी लिहायचं, मग वाचायचं, मग चर्चा. फर्ड्या इंग्रजीची शर्यत तिथे नव्हती. शिक्षकांनी एवढं केलं तरी पुष्कळ: चर्चेआधी पाच मिनिटं लिहायला द्यावीत, तिघा-तिघांचे गट करावेत आणि कुणालाही अख्ख्या देशाचा किंवा जातीचा प्रतिनिधी करू नये.

आता इकडचं बोलू. चंडीगड, मोहाली, खरड या पट्ट्यात आफ्रिकेतले, अफगाणिस्तानातले, नेपाळचे विद्यार्थी शिकतात. मार्च २०१७ मध्ये ग्रेटर नोएडात नायजेरियन विद्यार्थ्यांना जमावाने मारहाण केली, तोही आपलाच देश. मी घेते त्या ट्युटोरियलमध्ये पूर्व आफ्रिकेतली एक मुलगी शेवटच्या बाकावर बसायची. लिहून वाचायची पद्धत सुरू केल्यावर तिने तिच्या गावातल्या लोहारांशी कुणी सोयरीक करत नाही, यावर दीड पान वाचलं. त्या दिवशी जातीवरची आमची चर्चा पाठ्यपुस्तकाच्या पुढे गेली.

इथे यजमान आपण आहोत. उद्या वर्गात त्यांच्या शेजारी बसा, त्यांचं नाव नीट म्हणायला शिका, टिपणं वाटून घ्या. आपल्याला तिकडे जसा वर्ग हवा आहे, तसा आधी इथे करू.

जय भीम, जय संविधान.